जलपिंपळीचं मैदान

आमच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला घर दिलं ते आमचे पाय बघून. पगार किती, गाव कोणतं, घरात माणसं किती, हे घर शोधताना विचारले जाणारे नेहमीचे प्रश्न त्यांच्या यादीतच नव्हते. आम्ही नवराबायको गेटातून आत शिरलो तर त्यांनी हात आडवा धरला आणि चपला तिथेच काढायला लावल्या. व्हरांडा अजून चांगला तीस पावलं लांब होता. मला वाटलं, अंगणात एखादं देवस्थान असेल. चपला काढून उभे राहिलो, तर बाईंनी गळ्यातली शिटी तोंडात धरली, एकदा जोरात फुंकली आणि म्हणाल्या, "चाला."

गेटापासून व्हरांड्यापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काहीतरी हिरवं, बुटकं, जमिनीला चिकटून पसरलेलं होतं. माझा नवरा भिडस्त. लोकांनी हौसेने लावलेलं आपण कसं तुडवायचं, म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने, चवड्यांवर, चोरासारखा गेला. मी आपली सरळ मधून चालत गेले, कारण ऊन होतं आणि पायाखाली गार लागत होतं. पलीकडे पोचल्यावर बाईंनी निकाल दिला. नवरा नापास, मी पास. भाड्याच्या करारावर सही माझी घेतली आणि नवऱ्याचं नाव "सोबत राहणार" म्हणून खाली लिहिलं. आमच्या आधी तीन कुटुंबं कडेकडेने गेली म्हणून परत पाठवली होती, हे मागाहून कळलं.

"हे तर आमच्या खाप्याचं आहे," मी तेव्हाच बोलून गेले. मी खाप्याची. तिथे कन्हान नदीच्या काठावर ही वेल आपोआप पसरते. तिला जलपिंपळी म्हणतात हेसुद्धा मला बाईंकडून कळलं. आमच्याकडे तिला नावाने हाक मारण्याइतकं महत्त्व कुणी दिलेलं नव्हतं. धुतलेले कपडे वाळत टाकायला ती जागा बरी, माती लागत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. जे खाप्याला पायाखाली फुकट मिळायचं, त्याच्यावरून चालायला लेक नागपुरात मुलाखत देऊन आली, म्हणून माझी आई फोनवर कितीतरी वेळ हसत होती. बाईंच्या लेखी मात्र मी त्या दिवसापासून तज्ज्ञ झाले. त्यांनी पहिली पेरं आणली होती ती खाप्याच्याच घाटावरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, एस. टी.त मांडीवर घेऊन.

बाई खेळाच्या शिक्षिका होत्या. सावनेरकडच्या एका शाळेत तीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी शाळेला सगळं परत केलं, फक्त शिटी आणली. उंच, काटक, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सावधानमध्ये उभा राही. पण या खेळाच्या शिक्षिकेला तीस वर्षांत मैदान असं मिळालंच नव्हतं. शाळेला होतं ते आधी वर्गखोल्यांमध्ये गेलं, मग सायकल स्टँडमध्ये, आणि उरलेल्या तुकड्यावर सिमेंटचे ठोकळे बसवले गेले. त्या ठोकळ्यांना नागपुरात गट्टू म्हणतात. शहरात सध्या जिथे माती दिसेल तिथे गट्टू बसवायची साथ आहे. त्या गट्टूवर बाईंनी खो-खो शिकवला. पोरींचे गुडघे रोज फुटत, आणि बाई पर्समध्ये कंगव्याऐवजी लाल औषधाची बाटली ठेवत. "म्या पोरायले खेळ कमी शिकवला आन् पट्ट्याच जास्त बांधल्या," असं त्या म्हणत, आणि हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढत नसे. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी जे केलं त्याला आपण बाग म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ते मैदान होतं.

या मैदानाची निगा म्हणजे उलटा कारभार. लोक झाडं जपतात, बाई तुडवायला लावत. जलपिंपळीला पाऊल पडलं नाही तर ती माजते, उंच होते, मधून पोकळ पडते. पाऊल पडलं की ती जमिनीला धरते आणि पेरापेराला मुळं सोडते. म्हणून खत नाही. मे महिन्यातसुद्धा पाणी आठवड्यातून दोनदाच, पण संध्याकाळी आणि खोलवर मुरेल असं. हरळी घुसली तर ती खुरप्याने नाही, बोटांनी, मुळासकट ओढायची. वर्षातून दोनदा विळ्याने वरवर छाटायचं. हे सगळं त्या मला तोंडी शिकवत आणि रोज तोंडी परीक्षा घेत. मी पोस्टातली नोकरी करून थकून आलेली असे, जिन्यावर पाय ठेवते तोच खालून आवाज येई, "सांग वं, छाटल्यावर किती दिवस पाय नाही ठेवायचा?" उत्तर चार दिवस. आजही झोपेतून उठवून विचारा.

सकाळी सहाला शिटी वाजे आणि गल्लीतल्या सात-आठ बायका गेटाबाहेर चपला काढून रांगेत उभ्या राहत. हजेरी आडनावाने. त्यात पासष्टीच्या दोन आजी होत्या, त्याही "हजर बाई" म्हणत. मग लेफ्ट-राईट. मैदानाचे बाईंनी मनातल्या मनात आठ पट्टे पाडलेले होते आणि कोणत्या वारी कोणता पट्टा तुडवायचा हे ठरलेलं होतं, म्हणजे सगळीकडे सारखी पावलं पडत. उशीर झाला तर दंड शंभर पावलं. रांगेत सुनेबद्दल बोललं तर दोनशे. एका काकूंना सुनेबद्दल बोलल्याशिवाय राहवतच नसे, त्यांचं वजन त्या वर्षी पाच किलोने उतरलं. साडेसातला उन्हाची तिरीप मैदानावर आली की शिटी वाजून पिरेड खलास. जलपिंपळीला काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी पांढरी-जांभळी फुलं असतात, आणि ऊन पडलं की त्यांच्यावर मधमाश्या येतात. त्यांचा पिरेड सुरू झाल्यावर अनवाणी माणसाने आत पाय टाकायचा नाही. एकदा मीटर बघायला आलेला माणूस भर दुपारी आत शिरला, तर बाईंनी त्याला व्हरांड्यातून ओरडून थांबवलं आणि माश्या घरी जाईस्तोवर गेटातच स्टुलावर बसवून ठेवलं. त्याला ताक दिलं, पण आत सोडलं नाही.

आता या मैदानाचा विरोधी पक्ष. घर बाईंचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं अर्धं-अर्धं होतं. खाली एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि वहिनी, वर आम्ही. भावाला सगळी गल्ली भाऊसाहेब म्हणे. बाई त्यांना बासष्टाव्या वर्षीही "लहान्या" म्हणत. भाऊसाहेब गरीब स्वभावाचे, पण त्यांनी निवृत्तीनंतर एक पांढरी गाडी घेतली आणि तिथून बिनसलं. गाडी रस्त्यावर उभी राही. तिच्यावर कावळे बसत, जाणारे-येणारे बोटाने नावं लिहीत. भाऊसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं की अंगण दोघांचं आहे, तर निदान गाडीपुरते गट्टू टाकू. बाईंचं म्हणणं, मैदान अर्धं होत नसते. हे भांडण ते दोघं फार सभ्यपणे आणि रोज करत.

त्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी भाऊसाहेबांनी डाव टाकला. मे संपताना नऊ दिवस सूर्य नागपुरावर डूख धरून असतो, त्याला आम्ही नवतपा म्हणतो. भाऊसाहेब म्हणाले, या नवतप्यात जर तुझं मैदान हिरवं राहिलं तर मी जन्मात गट्टूचं नाव काढणार नाही. पण शेवटच्या दिवशी चटईएवढी जागा जरी जळलेली दिसली, तर सगळीकडे गट्टू. बाईंनी एका क्षणात हात पुढे केला. खेळाची शिक्षिका ती, पैज नाकारणं तिच्या रक्तात नव्हतं. शिवाय त्यांच्याकडे हुकमाचं पान होतं. ते पान म्हणजे आमचा कूलर.

नागपुरात उन्हाळ्यात घरागणिक खिडकीला कूलर लटकतो आणि त्याच्या टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर वास येतो. बहुतेकांचं ते पाणी गल्लीत वाहतं. बाईंनी आमच्या आणि त्यांच्या कूलरच्या बुचांना नळ्या जोडून त्या थेट मैदानात सोडल्या होत्या. नळीचं तोंड रोज वेगळ्या पट्ट्यात ठेवायचं. आमच्या भाडेकरारात तशी अट होती, बाईंच्या टाइपासारख्या अक्षरात: कूलरच्या नळीतून पाण्याखेरीज काहीही सोडू नये. मी त्याखाली सही केली होती.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या कूलरला कुजका वास सुटला. आमचं पाणी जड, टाकीच्या आत पांढऱ्या खाराचा थर चढला होता आणि पंप कुरकुरत होता. नवरा मौद्याच्या वीज केंद्रात रात्रपाळी करून आलेला, त्याला झोपायचं होतं. मी न्हाणीघरातली ॲसिडची बाटली आणली, टाकीत ओतली, फेस आला, ब्रशने घासली, टाकी लखलखीत झाली. आता ते पाणी बादलीने काढून मोरीत टाकायचं, हे मला माहीत होतं. आठ-दहा बादल्या झाल्या असत्या. बाहेर उन्हाने डोळे उघडवत नव्हते. मनात म्हटलं, एवढ्या पाण्यात थोडं ॲसिड, काय होतंय. आणि बूच काढलं. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडापाशी पिवळं पडलं. तिसऱ्या दिवशी तपकिरी झालं आणि खोलीएवढं पसरलं. बाईंना वाटलं, ऊन बाधलं. त्यांनी त्याच्यावर ओली पोती टाकली, त्याने भागेना म्हणून भर दुपारी छत्री उघडून स्वतः त्या जागेवर सावली धरून बसल्या. सेहेचाळीस अंशांत, डोक्याला ओला टॉवेल बांधून. मी वरून खिडकीतून बघत होते. नवरा म्हणाला, सांगून टाक. मी म्हटलं, उद्या सांगते. असे चार उद्या गेले. चौथ्या दिवशी बाई मला म्हणाल्या की तू खाप्याची, तुले तरी समजते का हिला काय झालं? मी म्हटलं, नाही समजत. माझ्या आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोलले आहे, पण त्याएवढं लाजिरवाणं दुसरं नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब काखेत चटई घेऊन बाहेर आले. गल्लीतल्या रांगेतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. भाऊसाहेबांनी पोती बाजूला केली आणि चटई अंथरली. जळकी जागा चटईच्या चारी बाजूंनी बाहेर आली. भाऊसाहेबांचाही चेहरा उतरला. ते हरायच्या तयारीने आले होते असं मला वाटतं.

"पाहिलं म्या," बाई म्हणाल्या. "हरली."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. वास, खार, ॲसिड, बूच, आणि चार दिवसांचं गप्प बसणं. भाऊसाहेबांनी चटई गुंडाळायला घेतली. ते सुटल्यासारखे दिसत होते.

"मंग हे उन्हानं नाई जळलं, ताई. हा निकाल काही खरा नाही. पैज रद्द."

"थांब लहान्या," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे सकाळी कोणाच्या रांगेत चालते?"

"तुह्या."

"मंग फाऊल कोणाचा झाला?"

भाऊसाहेबांनी गुंडाळलेली चटई खाली ठेवली.

"आपल्या टीमचा माणूस चुकला त आपण हरतो. तीस वर्सं पोरायले हेच शिकवलं. आता माह्या वक्ताले नियम बदलू काय गा?"

मी भर गल्लीत रडले. बाईंच्या घरात येऊन मला दोन वर्षं झाली होती. मी स्वतःला भाडेकरू समजत होते, सकाळची रांग म्हणजे करारातली एक अट समजत होते. मी कुणाच्या टीममध्ये आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं ते त्या टीमचं मैदान घालवल्यावर. रात्री जेवणं झाल्यावर मी खाली गेले आणि म्हटलं, बाई, निदान रागवा तरी. त्या भाकरी खात होत्या. म्हणाल्या, "चार दिवस तू जेवली नाही बराबर, म्या पाहून राहिली होती. आता जेव." एवढंच.

गट्टू बसले. बाईंनी शब्द असा पाळला की बसवणाऱ्यांना घाम फुटला. उतार बरोबर नाही म्हणून दोनदा उखडायला लावलं, स्वतः दोरी धरून रेषा काढल्या. गट्टूंची हातगाडी ओढणारा माणूस म्हणाला की इथली जमीन एवढी दाबलेली आहे की धुम्मस मारून ठोकायची गरज नाही. ते ऐकून बाई एकदम खूश झाल्या आणि लगेच पाठ फिरवून दोरी ताणायला लागल्या. त्याआधी आम्ही बायकांनी जमेल तेवढी पेरं काढून घेतली होती. कुणी कुंडीत लावली, कुणी तुटक्या बादलीत, मी गच्चीवर जुन्या कूलरच्या टाकीत.

आणि भाऊसाहेबांनी गाडी आत आणलीच नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, गट्टू बसू द्या अजून. मग म्हणाले, पाऊस आहे, टायरला चिखल आहे. नंतर कारणं देणं सोडून दिलं. गाडी रस्त्यावर, कावळे गाडीवर, आणि गट्टू रिकामे. सकाळी रांग त्याच गट्टूंवरून चाले. पासष्टीच्या आजी घरी जाताना गुडघ्याला हात लावून जात. एकदा भाऊसाहेब बहिणीला चाचरत म्हणाले, काढून टाकू का? बाईंनी उत्तर दिलं की निकाल लागला तो लागला. दोघंही अडले होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

जुलैच्या एका दुपारी मी पहिला गट्टू काढला. बाईंची दुपारची झोप दोन ते चार, तिच्यावर घड्याळ लावून घ्यावं अशी. मला रजा होती. हे ठोकळे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे पहिला निघता निघत नाही. पेचकस, लोखंडी सळई आणि पाऊण तास लागला. भोकातली दगडाची चुरी उपसून खालची काळी माती वर केली, गच्चीवरची चार पेरं लावली आणि गट्टू घेऊन जिना चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर बाई त्या भोकापाशी थांबल्या. आमच्याकडे वळल्या.

"एक गट्टू कमी हाये. कोणाचा फाऊल?"

त्यांनी शिटी वाजवली, सगळ्यांना पन्नास-पन्नास पावलं दंड केला आणि पुढे चालू. चौकशी नाही.

चार दिवसांनी दुसरा गट्टू गायब झाला, आणि तो मी काढला नव्हता. मग तिसरा. सुनेवाल्या काकूंच्या नखांत माती दिसली. वहिनी एकदा पदराखाली काहीतरी जड घेऊन लगबगीने घरात गेल्या. ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांच्या तुळशीच्या कुंडीखाली दोन कोरे गट्टू टेकू म्हणून लागलेले मी डोळ्यांनी पाहिले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रोज सकाळी माणसांच्या हजेरीनंतर गट्टूंची हजेरी होई, "कोणाचा फाऊल" विचारलं जाई, आम्ही सगळ्या तोंडं शिवून उभ्या राहू आणि दंडाची पावलं चालू. दंडाच्या पावलांनी ती नवी पेरं दबून बसत आणि शेजारच्या भोकाकडे सरकत. दिवाळीपर्यंत मधला एक पट्टा सबंध हिरवा झाला होता. नियम मात्र कुणी मोडलेला नव्हता, निदान सापडलेलं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर नवऱ्याला मौद्याला क्वार्टर मिळालं. माझीही बदली तिकडे झाली. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चांगलं झालं, आणि दोन दिवस माझी तोंडी परीक्षा घेतली नाही. निघायच्या आदल्या दुपारी मी वर सामान बांधत होते. पावणेतीन वाजले असतील. खाली खरवडल्याचा आवाज आला म्हणून खिडकीशी गेले.

बाई होत्या. साडी वर खोचून, दुखरा गुडघा एका उशीवर टेकून, गट्टूंवर बसल्या होत्या. दोन्ही हातांनी सळई धरून एक ठोकळा उचकटत होत्या. शिटी गट्टूवर आपटून वाजू नये म्हणून दोरी दातांत धरली होती. मधेच थांबून भाऊसाहेबांच्या दाराकडे पाहत आणि पुन्हा जोर लावत. ज्या बाईने आपल्या हातून न झालेली चूक आपल्या नावावर घेऊन मैदान सोडलं होतं, ती बाई भर दुपारी लबाडी करत होती. मी पटकन खिडकीपासून मागे झाले. मला हसू येत होतं आणि हुंदका आवरत नव्हता, नवरा विचारत राहिला की झालं काय.

सकाळी सामानाचा ट्रक गेटाबाहेर उभा होता. सहाला शिटी झाली. मीही चपला काढून रांगेत उभी राहिले. हजेरी झाली, माझं आडनाव नेहमीच्या जागी पुकारलं गेलं. मग बाई गट्टू मोजत गेल्या आणि भिंतीशी थांबल्या.

"एक कमी हाये. कोणाचा फाऊल?"

आवाज तोच. नजरही तशीच एकेकीच्या तोंडावरून फिरली. इतक्या महिन्यांत या प्रश्नाला उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. मी हात वर केला.

"माझा, बाई."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांनी शिटी ओठांशी नेली, पण ती वाजली नाही. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. शेवटी शिटी खाली सोडून हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोनशे पावलं जास्त."

ट्रकवाला हॉर्न देत होता. मी चालायला लागले. पाच-सहा पावलांवर मागून अनवाणी पावलांचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर बाई माझ्यामागे होत्या. ती दोनशे पावलं त्याही चालल्या.